कंपायलरवाल्यांना एवढा पगार का मिळतो?

*एआयच्या नोकऱ्यांमध्ये 'एमएल कंपायलर इंजिनियर' हे नाव हल्ली सारखं ऐकू येतं. आकडे डोळे फिरवणारे असतात. ते कुठून येतात, हातात किती पडतात आणि साध्या कॉलेजातून तिथे पोचायचं कसं, याचा हा हिशोब.*

आंबवड्याचा झुलता पूल तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. भोरच्या पुढे, नागेश्वराच्या देवळापाशी, संस्थानाच्या काळात बांधलेला. ट्रेकला जाता-येता तिथे थांबून फोटो काढणारे खूप. पूल नेमका कशाच्या जोरावर तोललाय, कुठली केबल किती वजन घेते, हे बघणारा मात्र शंभरात एखादाच.

कॉम्प्युटरच्या जगात असाच एक पूल आहे, कंपायलर. एका काठावर तुम्ही-आम्ही लिहिलेला प्रोग्रॅम, दुसऱ्या काठावर फक्त शून्य आणि एक समजणारी चिप. आपण रोज त्यावरून ये-जा करतो आणि खाली बघत नाही. गेल्या काही वर्षांत मात्र एआयमुळे या पुलावरची वाहतूक इतकी वाढली, की पूल बांधणाऱ्या माणसांचा भाव एकदम वधारला.

आता समजा, आंबवड्यातलीच एक मुलगी कॉम्प्युटर इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुण्यात हॉस्टेलला राहते, शनिवारी स्वारगेटहून एसटीने घरी येते. कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी स्क्रीनशॉट टाकतं, एमएल कंपायलर इंजिनियर, पॅकेज अमुक लाख. घरी विचारतात, "हे नक्की कसलं काम गं?" आणि तिला धड सांगता येत नाही. पुढचा सगळा मजकूर तिच्यासाठी आहे, आणि तिच्यासारख्या प्रत्येकासाठी.

एसपीओएसची ती असाइनमेंट आठवते?

पुणे विद्यापीठातल्या कॉम्प्युटरच्या पोरांना टू-पास असेंब्लर वेगळा सांगायला नको. 'मूव्हर एरेग', 'मूव्हेम बीरेग' अशा सूचना घ्यायच्या, सिम्बॉल टेबल भरायचं, पहिल्या पासमध्ये पत्ते ठरवायचे, दुसऱ्यात मशीन कोड काढायचा. बहुतेक जण सीनियरची फाइल घेतात, नाव बदलतात, सबमिशन उरकतात.

ही 'मूव्हर'वाली काल्पनिक मशीन आली कुठून? आयआयटी मुंबईचे प्रा. डी. एम. ढमढेरे यांच्या सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगच्या पाठ्यपुस्तकातून. ढमढेरे नुसते पुस्तक लिहिणारे नव्हते. प्रोग्रॅममध्ये तीच ती आकडेमोड पुन्हा पुन्हा होत असेल तर ती ओळखून काढून टाकायची, या विषयावर त्यांनी संशोधन केलं आणि ते जगभरच्या कंपायलरवाल्यांनी वाचलं. त्याच आयआयटीत प्रा. उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीसीसी या जगप्रसिद्ध मुक्त कंपायलरवर काम करणारं केंद्र चालवलं, देशभरच्या विद्यार्थी-शिक्षकांसाठी कार्यशाळा घेतल्या. 'डेटा फ्लो ॲनालिसिस' हे खेडकर आणि सहलेखकांचं २००९चं पुस्तक या विषयातला महत्त्वाचा ग्रंथ मानलं जातं.

पुढचं नाव विक्रम आडवे यांचं. आयआयटी मुंबईतून पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले, इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथे २०००च्या सुमारास त्यांचा विद्यार्थी ख्रिस लॅटनर याने त्यांच्या मार्गदर्शनाखाली एलएलव्हीएम नावाचा प्रकल्प सुरू केला. आज आयफोनच्या ॲपपासून एआयच्या चिपपर्यंत असंख्य ठिकाणी एलएलव्हीएम आहे. २०१२ साली या कामाला एसीएम या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

पुण्याचाही वाटा आहे. केपीआयटी कंपनीने रेनेसास या जपानी कंपनीच्या चिपसाठी जीसीसीवर बेतलेली टूलचेन तयार केली आणि जगभरच्या इंजिनियरांना ती मोफत दिली. एआयचा गाजावाजा सुरू व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. म्हणजे कंपायलर हा आपल्याकडे परका विषय कधीच नव्हता. आपण तो सबमिशनपुरता ठेवला, एवढंच.

मग 'एमएल' कंपायलर वेगळा कसा?

साधा कंपायलर सी किंवा सी++ घेतो आणि प्रोसेसरला कळेल असा कोड देतो. एमएल कंपायलरच्या पुढ्यात येतं ते पायटॉर्चसारख्या साधनात लिहिलेलं मॉडेल. मॉडेल म्हणजे मुख्यतः मॅट्रिक्सचे गुणाकार, मध्ये मध्ये बेरजा आणि काही छोटी फंक्शन्स. कंपायलर त्याचा आधी आलेख काढतो, कुठली क्रिया कुणावर अवलंबून आहे ते बघतो, त्यात काटछाट करतो आणि शेवटी जीपीयूसाठी कोड लिहितो.

यातली मेख एका आकड्यात आहे. एनव्हिडियाची एच-१०० ही चिप घ्या. सोळा बिटांच्या आकड्यांवर ती सेकंदाला सुमारे ९९० लाख कोटी आकडेमोडी करू शकते. पण तिच्या मेमरीतून सेकंदाला येतात सुमारे ३.३५ लाख कोटी बाइट. भागाकार करा. मेमरीतून एक बाइट येईपर्यंत चिप जवळपास तीनशे आकडेमोडी करू शकली असती. म्हणजे माल वेळेवर आला नाही, तर महागडी चिप नुसती बसून राहणार.

हे गावाकडच्या भाषेत सांगतो. आंबवड्याहून भोरला जायचंय. सकाळच्या एसटीने जाऊन रेशन आणलं, घरी ठेवलं. दुपारी परत जाऊन आजीची औषधं आणली. संध्याकाळी पुन्हा जाऊन धाकट्याच्या वह्या. कामं तीन, दिवस गेला प्रवासात. शहाणा माणूस यादी करतो आणि एकाच फेरीत तिन्ही कामं उरकतो. एमएल कंपायलर हेच करतो. गुणाकार केला, उत्तर मेमरीत ठेवलं, पुन्हा आणून त्यात बेरीज केली, पुन्हा ठेवलं, पुन्हा आणून फंक्शन लावलं, अशा फेऱ्या तो एकत्र करतो. याला म्हणतात फ्युजन. आणि पिशवीत मावेल एवढंच सामान एका वेळी घ्यायचं, म्हणजे मोठ्या मॅट्रिक्सचे छोटे तुकडे करून चिपच्या जवळच्या छोट्या मेमरीत बसवायचे, याला टायलिंग.

ऐकायला सोपं आहे. पण मॉडेल दर महिन्याला नवी, चिप दर वर्षाला नवी, आणि कुठल्या फेऱ्या एकत्र केल्या तर फायदा आणि कधी उलट तोटा, हे ठरवणारा प्रोग्रॅम लिहायचा. वर अट एकच, वेग वाढला तरी उत्तर चुकता कामा नये.

गेल्या दशकात या कामाची सगळी अवजारं तयार झाली. गूगलने एक्सएलए आणलं. वॉशिंग्टन विद्यापीठातून टीव्हीएम आलं. २०१९मध्ये एमएलआयआर जाहीर झालं. त्याच्या सुरुवातीच्या घडणीत बंगळूरच्या आयआयएससीचे प्रा. उदय बोंधुगुला यांचाही हात होता. २०२१मध्ये ओपनएआयने ट्रायटन खुलं केलं. २०२३च्या मार्चमध्ये पायटॉर्चची दुसरी आवृत्ती आली आणि एका ओळीत मॉडेल कंपाइल करायची सोय सगळ्यांच्या हातात पडली. यातलं जवळपास सगळं मुक्त आहे. कोड उघडा, वाचा, बदला, कुणी फी मागत नाही.

पैसा येतो तो असा

एक साधं गणित करू. समजा, एखाद्या कंपनीकडे १००० जीपीयू आहेत आणि एका जीपीयूची किंमत २० लाख धरली. कंपायलर सुधारल्यामुळे तेच काम ९०० जीपीयूंत व्हायला लागलं. मोकळे झाले १०० जीपीयू, म्हणजे २० कोटींचा माल. वीजबिल वेगळं. हे काम चार-पाच जणांच्या टीमने सहा महिन्यांत केलं असेल, तर त्यांना किती पगार द्यायचा याची घासाघीस कंपनी फार करणार नाही. मोठ्या कंपन्यांकडे तर हजारांनी नाही, लाखांनी चिप असतात.

दुसरं कारण तुटवडा. मॉडेल ट्रेन करून दाखवणारे खूप मिळतात, कारण त्याचे कोर्स गल्लोगल्ली आहेत. पण सी++ मुरलेलं, चिपची रचना ठाऊक, कंपायलरचं शास्त्र शिकलेलं आणि वर मशीन लर्निंगचं गणित कळणारं, असं माणूस शोधायला कंपन्यांना महिनोन् महिने लागतात. आणि चिप बनवणारी प्रत्येक कंपनी अशी माणसं शोधत असते. चिप कितीही भारी असली, तरी तिच्यासाठी चांगला कंपायलर नसेल तर ती विकत कोण घेणार?

आकडा नीट वाचायला शिका

आधी आपल्याकडची पायरी बघू. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांचं फ्रेशरचं नेहमीचं पॅकेज वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास आहे, आणि गेली दहा-बारा वर्षं ते तिथेच घुटमळतंय. चिप आणि प्रॉडक्ट कंपन्यांत कंपायलर टीममध्ये शिरलेल्या फ्रेशरचं पॅकेज दोन आकडी लाखांत असतं. अनुभव वाढला तशी दरी रुंदावत जाते.

पण पॅकेज म्हणजे पगार नव्हे, हे लक्षात घ्या. समजा ऑफर लेटरवर ४० लाख लिहिलंय. आत फोड बघा. मूळ पगार २० लाख. जॉइनिंग बोनस ४ लाख, तो एकदाच. उरलेले १६ लाख शेअरचे, पण ते चार वर्षांत मिळून. म्हणजे पहिल्या वर्षी खरे झाले २० अधिक ४ अधिक ४, असे २८ लाख. दुसऱ्या वर्षी बोनस नाही, पगारवाढ धरली नाही तर २४. त्यातून कर जायचा आहे. शेअरचा भाव वाढला तर चांदी, पडला तर तेवढं कमी. वर्षाच्या आत नोकरी सोडली तर जॉइनिंग बोनस बऱ्याचदा परत द्यावा लागतो. २८ लाख काही थोडके नाहीत, पण ४० सांगून गावभर पेढे वाटायच्या आधी कागद नीट वाचलेला बरा.

ऑफर हातात आली की चार प्रश्न विचारायला लाजू नका. मूळ पगार किती? एकदाच मिळणारे पैसे कोणते? शेअर किती वर्षांत आणि कोणत्या हप्त्यांनी? सोडल्यास काय परत द्यायचं? एचआरला असे प्रश्न रोज येतात, त्यांना राग येत नाही.

आता अमेरिकेचं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३पासून कायदाच आहे, की नोकरीच्या जाहिरातीत पगाराचा पट्टा छापायचा. त्यामुळे तिथले आकडे ऐकीव राहिलेले नाहीत. एनव्हिडियासारख्या कंपनीच्या सीनियर कंपायलर इंजिनियरच्या जाहिरातीत मूळ पगार साधारण १ लाख ८० हजार ते २ लाख ९० हजार डॉलरच्या दरम्यान दिसतो, शेअर वेगळे. हा झाला काही वर्षं अनुभव असलेल्यांचा पगार.

याला लगेच रुपयाच्या भावाने गुणू नका. तिथलं घरभाडं, कर, आरोग्य विमा सगळं डॉलरमध्येच जातं. शिवाय व्हिसाची गोष्ट आहे. एच-१बी व्हिसे वर्षाला ८५ हजारच, तेही लॉटरीने. आणि २०२५च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकी सरकारने नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं. त्यामुळे 'आधी अमेरिका, मग बाकीचं' असा प्लॅन करणं आज शहाणपणाचं नाही. चांगली बाजू अशी, की काम इकडे आलंय. एनव्हिडियाचं ऑफिस पुण्यात आहे. बंगळूर आणि हैदराबादमध्ये एएमडी, इंटेल, क्वालकॉम यांची मोठी केंद्रं आहेत आणि कंपायलरवर तिथे खरोखरचं काम चालतं.

जागा किती, हे कोण सांगणार?

इथे जरा थांबा, कारण पॅकेजच्या पोस्टमध्ये ही ओळ कधीच नसते. हे क्षेत्र छोटं आहे. वेब डेव्हलपर प्रत्येक कंपनीला लागतो, कंपायलर इंजिनियर मोजक्या कंपन्यांना. एका कंपनीत सर्व्हिस प्रोजेक्टवर हजारो माणसं असतील, कंपायलर टीममध्ये दहा-वीस. बहुतेक जाहिराती तीन-पाच वर्षं अनुभव मागतात. आणि कॅम्पसला येऊन या जागा भरणाऱ्या कंपन्या ठराविक कॉलेजांतच जातात.

म्हणून एक कळकळीची सूचना. 'सहा महिन्यांत एआय कंपायलर इंजिनियर व्हा, प्लेसमेंटची हमी' असं कुणी म्हणत असेल आणि फी लाखात असेल, तर घरच्यांना कर्ज काढायला लावू नका. या क्षेत्रात सर्टिफिकेट बघून कुणी घेत नाही. तुमचा कोड बघतात. आणि शिकायचं सगळं साहित्य फुकट उपलब्ध आहे.

दुसरी शंका हल्ली प्रत्येक जण काढतो. एआयच कोड लिहितोय, मग कंपायलरही तोच लिहील की! काही भाग तो लिहीलच, लिहायला लागलाही आहे. पण कंपायलरमध्ये चूक झाली तर ती त्यावर चालणाऱ्या हजारो प्रोग्रॅममध्ये जाते, आणि दिसतही नाही. उत्तर थोडंसं चुकतं, एवढंच. ती चूक हुडकायला, बदल बरोबर आहे हे पटवून द्यायला पाया पक्का असलेलं माणूस लागतं. नुसतं टाइप करणाऱ्याची गरज कमी होईल, समजून करणाऱ्याची नाही.

मग आंबवड्याच्या पोरीने करायचं काय?

तिच्याकडे दोन वाटा आहेत आणि दोन्हींचा खर्च मांडून बघू.

पहिली वाट, गेट देऊन एम.टेक. आयआयटीत गेटमधून गेलेल्या एम.टेक.च्या विद्यार्थ्याला महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. दोन वर्षांचे झाले २,९७,६००. त्याऐवजी साडेतीन लाखांची नोकरी धरली असती तर दोन वर्षांत ७ लाख. फरक सुमारे ४ लाखांचा, वर फी. चांगल्या घरच्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण ज्या घरात भाताच्या दोन-चार खाचरांवर आणि वडिलांच्या एका पगारावर सगळं चालतं, जिथे धाकट्याचं शिक्षण बाकी आहे, तिथे ४ लाख म्हणजे मोठी गोष्ट. म्हणून हा निर्णय घरी बसून, कागदावर आकडे मांडून घ्या. "मला शिकायचंय" एवढंच म्हणू नका. किती वर्षं, किती पैसे कमी येतील, नंतर काय शक्यता आहे, हे सांगा. आईवडील इंग्रजी नाव समजून घेणार नाहीत कदाचित, हिशोब मात्र त्यांना आपल्यापेक्षा चांगला कळतो.

एम.टेक.चा खरा फायदा डिग्रीच्या शिक्क्यापेक्षा दोन वर्षं एका विषयात बुडून राहण्यात आहे. कंपायलर शिकवणारा प्राध्यापक आणि त्यावर काम करणारी मुलं जिथे आहेत तिथेच प्रवेश घ्या. आयआयटी मुंबई, आयआयटी हैदराबाद, आयआयएससी अशी ठिकाणं शोधा. कोण कशावर काम करतंय हे त्यांच्या पानांवर लिहिलेलं असतं.

दुसरी वाट, नोकरी करता करता मुक्त प्रकल्पात काम. ही वाट स्वस्त आहे, पण लांब आहे आणि एकट्याने चालायची आहे. रोज ऑफिसहून आल्यावर दीड तास, शनिवार-रविवार थोडा जास्त, असं दोन वर्षं तरी. यात आधी सर्व्हिस कंपनीतून एखाद्या एम्बेडेड किंवा चिपशी संबंधित टीममध्ये उडी मारता आली तर उत्तम. पुण्यात वाहन उद्योगामुळे अशा जागा बऱ्यापैकी आहेत. तिथून कंपायलर टीमचं दार जवळ पडतं.

सुरुवात या सोमवारपासून

दोन्ही वाटांची सुरुवात एकच आहे आणि ती कॉलेजात असतानाच करता येते.

पहिले तीन-चार महिने सी++ आणि कॉम्प्युटर आर्किटेक्चर पक्कं करा. कॅशे म्हणजे काय हे व्याख्येत पाठ करू नका. दोन मॅट्रिक्सचा गुणाकार लिहा, तीन लूपचा क्रम बदलून वेळ मोजा. तोच प्रोग्रॅम, तेवढीच आकडेमोड, आणि वेळेत केवढा फरक पडतो ते स्वतः बघा. ज्याला इथे मजा वाटली, तो या क्षेत्राचा. ज्याला नाही वाटली, त्याने पॅकेजकडे बघून पुढे जाऊ नये.

मग तो असेंब्लर पुन्हा लिहा, या वेळी स्वतःच्या हाताने. त्यानंतर एलएलव्हीएमच्या साइटवर 'कॅलायडोस्कोप' नावाचा धडा आहे, त्यात एक छोटी भाषा शून्यापासून तयार करतात. तो पूर्ण करा. सोबत एनपीटीईएलवर आयआयएससीचे प्रा. वाय. एन. श्रीकांत यांची कंपायलरची व्याख्यानं ऐका. 'कंपायलर एक्सप्लोरर' नावाची एक साइट आहे, डावीकडे तुमचा कोड, उजवीकडे त्याचं असेंब्ली. बसच्या प्रवासात मोबाइलवरही बघता येते.

तिसरा टप्पा, एलएलव्हीएम स्वतःच्या लॅपटॉपवर बिल्ड करणं. इथे अनेकांचं मन मोडतं. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर डीबग बिल्ड लावला की लिंकिंगला मशीन गोठतं आणि वाटतं, हे आपल्यासारख्यांचं काम नाही. तसं काही नसतं. रिलीज बिल्ड करा, टार्गेट एकच निवडा, एका वेळी एकच लिंक जॉब चालू ठेवा, आणि रात्री लावून झोपा. सकाळी झालेलं असतं. जीपीयू हवा असेल तर गूगल कोलॅबवर मर्यादित वेळेसाठी फुकट मिळतो. ट्रायटनमध्ये छोटे कर्नल लिहून बघायला तेवढा पुरतो. एमएलआयआरचा 'टॉय' नावाचा धडाही याच टप्प्यात करा.

चौथा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, पहिला पॅच. गिटहबवर एलएलव्हीएमच्या पानावर नवख्यांसाठी खास खूण केलेली कामं असतात. एक निवडा. छोटं असू दे, एखादी टेस्ट, एखादा चुकीचा संदेश. कोड पाठवला की कुणीतरी अनोळखी माणूस त्यावर दहा शेरे मारेल. त्याला अपमान समजू नका, फुकटची शिकवणी समजा. ज्यांना इंग्रजीची भीती वाटते त्यांच्यासाठी, हे सगळं लेखी चालतं, वाक्यं छोटी असतात, आणि तिथे तुमचा उच्चार कुणी ऐकत नाही. 'गूगल समर ऑफ कोड'मध्येही एलएलव्हीएम असतं. निवड झाली तर काम शिकायला मिळतं आणि वर मानधन.

वर्षाला चार-पाच मंजूर झालेले पॅच जमवा. मुलाखतीत एसएसए, डॉमिनेटर, रजिस्टर वाटप, लूपचं टायलिंग हे विचारतातच. पण तुमचा स्वतःचा पॅच असेल तर मुलाखत घेणारा तोच उघडतो आणि गप्पा त्यावर सुरू होतात. तिथे कॉलेजचं नाव मागे पडतं.

आणि नाहीच जमलं तर?

हा प्रश्न आधीच विचारून ठेवलेला चांगला. समजा, तीन वर्षं केलं आणि कंपायलर टीममध्ये जागा नाहीच मिळाली. हातात काय उरतं? उत्तम सी++, चिप कशी चालते याची समज, मोठा कोड वाचायची सवय, वेग मोजून वाढवायची दृष्टी. एम्बेडेड, वाहनांचं सॉफ्टवेअर, डेटाबेस, गेम इंजिन, क्लाउडमधलं परफॉर्मन्सचं काम, सगळीकडे हे चालतं. पॅकेजवाल्या पोस्टमधला आकडा कदाचित मिळणार नाही, पण तीन वर्षं वायाही जाणार नाहीत. एखादं क्षेत्र निवडताना वरचा आकडा सगळे बघतात. त्यातून खाली पडलो तर कुठे पडू, हेही बघायला हवं. कंपायलरच्या बाबतीत ती जमीन बरी आहे.

तेव्हा पुढच्या शनिवारी घरी कुणी विचारलं, "हे कसलं काम गं?" तर पॅकेजचा स्क्रीनशॉट दाखवू नका. म्हणावं, भोरच्या तीन फेऱ्यांची कामं एका फेरीत कशी उरकायची, हे मशीनला शिकवायचं काम आहे. घरच्यांना पटकन कळेल. आणि रविवारी परत निघण्याआधी तो एसपीओएसचा असेंब्लर एकदा उघडा. सीनियरची फाइल बाजूला ठेवून.